चार सेकंदांचं तिकीट

माझा धंदा विचाराल तर मी माणसं सोलतो. दचकू नका, हातात सुरी नसते. पोरीच्या हाताला चिकटलेला गडी खांद्याला धरून सोलायचा आणि बाहेरच्या वाटेला लावायचा, एवढंच काम. एका तिकिटाला चार सेकंद. पहिल्या सेकंदाला हात हातात, दुसऱ्या-तिसऱ्याला काय बोलायचं ते बोला, चौथ्याला माझा पंजा खांद्यावर पडलाच म्हणून समजा. "वेळ संपली, पुढे चला." कामाच्या दिवशी हे वाक्य मी हजार-दीड हजार वेळा म्हणतो. घरी भात खातानासुद्धा तोंडात तेच येतं.

तीस वर्षांपूर्वी मी विनोदी नट व्हायला म्हणून ओसाकाहून तोक्योला आलो. स्टेजवरचा जोडीदार पळाला, विनोद आटले, आणि आता एक्कावन्नाव्या वर्षी हा निवा, म्हणजे मी, काळा कोट घालून लोकांचे खांदे ओढतोय. जी कंपनी गाणाऱ्या पोरींचे ग्रुप चालवते तिच्यात पडेल ते काम करतो. स्टेज लावतो, पाण्याच्या बाटल्या वाहतो, आणि महिन्यातून दोन रविवार चिबाच्या समुद्राकाठच्या त्या अवाढव्य हॉलमध्ये सोलायला उभा राहतो. बावीस पोरी, आणि त्यांच्याशी हात मिळवायला चाहत्यांच्या बावीस रांगा.

किळस येते. सरळच सांगतो. सुरुवातीला वाटलं होतं, होईल सवय. कसली होतेय! शिराहामा नावाचा एक नेहमीचा आहे. बँकेत नोकरीला, दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री. पोरीशी हात मिळवून झाला की दाराबाहेर जाऊन तो तळवा नाकाला लावून, डोळे मिटून उभा राहतो. शी! आणि पुन्हा रांगेत. प्रत्येक सीडीत एक तिकीट असतं, म्हणून हा ऐंशी सीड्या घेतो, तिकिटं काढून घेतो आणि सीड्या संडासाजवळच्या खोक्यात टाकून देतो. गाणं ऐकायचंय कुणाला? संध्याकाळी सफाईच्या बायका मांडी घालून ती खोकी निवडत बसतात. कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं. पोरींचे हसरे चेहरे कागदात जातात.

या सगळ्याचा मुकादम म्हणजे कुनिएदा, पोरींचा मॅनेजर. वय पस्तीस, बोलणं लोण्यासारखं मऊ. लोणी कुठलं, तर मढ्याच्या टाळूवरचं. वर्षातून एकदा चाहत्यांचं मतदान होतं, कोण पहिली, कोण शेवटची. ते जवळ आलं की हा पोरींचे फोन काढून घेतो. म्हणे, मन भटकतं. घरून आलेले निरोप हाच वाचतो, आणि याच्या मनात आलं तर सांगतो.

आता रिरिया. हे स्टेजवरचं नाव. खरं नाव ओइकावा इकुमी, लांब उत्तरेकडच्या इवातेच्या किनाऱ्यावरची, वय एकोणीस. चार वर्षं झाली तिला येऊन. बावीस जणींत सतरावी. आणि सोळाव्या नंबरापर्यंतच्याच पोरी नव्या गाण्यात उभ्या राहणार. म्हणजे घास अगदी तोंडाशी. त्या रविवारी तिची रांग मी सोलत होतो. मतदान संपायला सात दिवस उरले होते.

तो माणूस आला तेव्हा साडेअकरा झाले होते. साठीचा. अंगात काळा सूट. गावाकडच्या माणसाकडे सूट एकच असतो, लग्नाला तोच आणि मयतालाही तोच. आत सोडण्याआधी रखवालदार प्रत्येकाचे तळवे उलटसुलट करून बघतो, कुणी हातात काही लपवून आणू नये म्हणून. याच्या उजव्या तळव्याला पट्टी होती.

"पट्टी काढा," रखवालदार म्हणाला.

"कालवं उघडताना लागलंय हो. उघडी जखम आहे."

"काढा नाहीतर बाजूला व्हा."

त्यानं काढली. मग माझ्यासमोरून जाऊन तो रिरियापुढे उभा राहिला आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"इकुमी—"

खरं नाव तिथे कुणी घेत नाही. नियमच आहे. मी पुढे सरकलो. रिरियाची पापणी एकदाच लवली, मग तोंडभर हसू. "अय्या, पहिल्यांदाच आलात ना? थँक्यूऽऽ!"

"अगं, आई—"

"हाताला काय हो झालं? काळजी घ्यायची हं! प्रॉमिस!"

चार. माझा पंजा पडला. तो माणूस हलेना. हात घट्ट धरलेला. मी जरा जोर लावला तेव्हा सुटला. त्याच्या अंगाला समुद्राचा वास होता, आमच्या हॉलबाहेरच्या शोभेच्या समुद्राचा नव्हे, खऱ्या.

बाहेरच्या वाटेवर तो मागे वळला. "अहो, माझ्याकडे अजून एकोणतीस आहेत. दुकानातला म्हणाला, सगळी एकदम देता येतात. दोन मिनिटं मिळतील म्हणाला."

"एरवी देता येतात. आज गर्दी आहे, आज एका वेळी एकच. पुन्हा रांगेच्या शेपटीला लागा."

त्यानं मला कमरेतून वाकून नमस्कार केला. मी त्याला जनावरासारखं ढकललं होतं आणि तो मला वाकून नमस्कार करत होता. मग शेपटीला जाऊन उभा राहिला. तिथून पुढे यायला पाऊण तास लागायचा.

सव्वाबाराला पुन्हा आला. या वेळी रांगेत उभ्या उभ्या वाक्य पाठ करून आला होता, ओठ हलताना दिसत होते. हात धरला आणि एका दमात म्हणाला, "आई हॉस्पिटलात आहे, डॉक्टर म्हणतात दोन दिवस, आज घरी चल."

मी ऐकलं. माझा हात हवेतच थांबला. आणि पोरगी? पोरीनं दोन्ही गालांवर तळवे ठेवले, ओठांचा चंबू केला. "खरंऽऽच? असं सांगाल तर मी रडेन हं!" आणि त्याच्या खांद्यावरून तिनं वरच्या दिव्यांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग पाण्याच्या यंत्राकडे. मागून शिराहामा ओरडला, "ओ, सोला की त्याला! पाच झाले!" मी सोललं. हाताला सवय झालेली असते, डोकं मागाहून पोचतं.

अर्ध्या तासानं मला दहा मिनिटांची सुट्टी मिळाली. दुसऱ्या माणसाला उभं करून मी रांगेच्या शेपटीला गेलो. रांग एव्हाना दुप्पट लांब झाली होती, तो अजून शेपटीकडेच होता. हातात कापडी पिशवी, पिशवीत तीस सीड्या. त्यानं एकही टाकली नव्हती.

"तुम्ही तिचे वडील का?"

त्यानं आधी मला वाकून नमस्कार केला, मग हो म्हणाला. नाव ओइकावाच. कालवांची शेती. बायकोला पोटाचा कॅन्सर. वसंतात कळलं होतं, पण बायकोनंच शपथ घातली, मतदान होईपर्यंत पोरीला सांगायचं नाही, तिचं चित्त ढळेल. मग अकरा दिवसांपूर्वी तब्येत एकदम खालावली.

"रोज फोन करतोय हो ऑफिसला. ते साहेब फार गोड बोलतात. म्हणतात, तालमीत आहे, निरोप देतो. पोरीच्या खोलीवर गेलो तर दारातून परत पाठवलं. मग आमच्या गावचा दुकानदार म्हणाला, काका, ज्याच्याकडे तिकीट आहे त्याला कुणी अडवत नाही."

"मग ती असं का बोलतेय तुमच्याशी?"

"तेच कळेना," तो म्हणाला. "मला वाटलं, इथे ओळख दाखवायची नसेल. कामाच्या जागी शिस्त असते ना." मग बारीक आवाजात म्हणाला, "निवा-सान, पावणेचारची गाडी मिळाली तर आज पोचतो. बायको अजून शुद्धीवर आहे. दाराकडे बघत असते."

माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरनं नाव वाचलं होतं त्यानं. रांगेतलं कुणी मला साला कधी नावानं, वर मानाचं 'सान' लावून, हाक मारत नाही त्या हॉलमध्ये.

मी तडक कुनिएदाकडे गेलो. पडद्यामागे खुर्ची टाकून तो थंडगार कॉफी पीत बसला होता.

"कुनिएदा-सान, रिरियाची आई शेवटच्या घटका मोजतेय. ठाऊक आहे तुम्हाला?"

"ठाऊक आहे." मोबाइलवरची नजरसुद्धा वर केली नाही.

"आणि सांगितलं नाहीत तिला?"

"सांगून काय आई उठून बसणार आहे? अहो निवा-सान, तुम्ही तर जुने कलावंत. नटाच्या नशिबी आई-बापाचं मरण बघणं नसतं, हे आपल्याकडे वाडवडलांपासून चालत आलंय."

"ते नट स्वतः म्हणायचे, स्वतःबद्दल. दुसऱ्याचं दार बाहेरून लावून घेऊन कुणी म्हणत नव्हतं."

तो हसला. लहान मुलाच्या हट्टाला हसतात ना, तसा. "कालच्या मोजणीत ती पंधरावी आलीय. पंधरावी! तिचं चार वर्षांचं स्वप्न आहे हो ते. आज रांग सोडून गेली तर हे लोक तिला माफ करतील? एकविसावर जाईल. मतदान झालं की सोमवारी मीच सांगतो तिला, हळुवारपणे. हे बघा, निवेदनसुद्धा तयार ठेवलंय."

त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. मी वाचलं. "माझी लाडकी आई दिनांक" आणि पुढे जागा सोडलेली, "रोजी आपल्याला सोडून गेली. तिच्यासाठी मी हसतमुखानं गात राहीन." खाली रिरियाचं नाव आणि एक छोटंसं फूल.

"शेवटची ओळ चांगली आलीय ना?" त्यानं विचारलं.

बाई तिकडे श्वास घेत होती, दाराकडे बघत होती, आणि यानं तिची तारीख तेवढी भरायची ठेवली होती. जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला! थुंकावंसं वाटलं त्या कॉफीत. गिळलं. या कंपनीत बावीस वर्षं गिळतोच आहे.

दीड वाजता पोरींना पाच मिनिटं पाणी प्यायला सोडतात. मी बाटली घेऊन रिरियापाशी गेलो. तिचा उजवा हात लाल झाला होता, ती तो बर्फाच्या पिशवीवर धरून बसली होती.

"इकुमी," मी म्हणालो. "ते तुझे बाबा आहेत."

"दिसतंय की!" ती खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "निवा-सान, बाबा किती वाईट अ‍ॅक्टिंग करतात हो! पाठ केलेलं बोलतात, एका सुरात. मला हसू आवरेना."

मला क्षणभर कळेना ही काय बोलतेय.

"कॅमेरा त्या घड्याळात आहे ना? नाही नाही, सांगू नका! मला कळलंय असं दाखवायचं नाही ना मी. जमतंय का मला? पुढच्या वेळी रडू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडला नसता तर बरं, असं झालं.

वसंतात आम्ही कोहारुला फसवलं होतं. रिरियाचीच मैत्रीण, एकाच खोलीत राहतात दोघी. टीव्हीवाल्यांना छुप्या कॅमेऱ्याचा कार्यक्रम हवा होता. कोहारुची आजी वारली असं तिला सांगायचं आणि रडताना टिपायचं. तिची आई फोनवर रडली, दिलेला कागद वाचून. खुद्द आई! पोरगी जमिनीवर लोळली, नाका-डोळ्यांतनं पाणी, कपाळ आपटून घ्यायला लागली. वीस मिनिटं. मग दार उघडून एक माणूस आत गेला, हातात "फसलीस!" असं लिहिलेली पाटी घेऊन. तो माणूस मी. बातमी सांगणाराही मीच. तिनं विचारलं होतं, "खरंच का हो निवा-सान?" आणि मी म्हणालो होतो, "माझ्या आईची शपथ." पाटी बघून ती पोर आधी किंचाळली, मग हसली, मग सगळ्यांना वाकून म्हणाली, "मला निवडल्याबद्दल आभारी आहे." लाखो लोकांनी बघितलं. कोहारु आठ नंबर वर गेली. आणि तेव्हापासून रिरिया मला भेटली की विचारायची, "निवा-सान, माझी पाळी कधी?"

"अगं पोरी, खरं आहे हे," मी म्हणालो. "यात कॅमेरा नाही. आई खरंच आजारी आहे तुझी."

"कोहारुला पण अगदी हेच म्हणाला होतात तुम्ही!" तिनं कौतुकानं मान हलवली. "काय चेहरा करता हो तुम्ही, निवा-सान! तुम्ही नाटक सोडायला नको होतं."

"इकुमी, माझ्या आईची—"

मी पुढचं बोललो नाही. कुठल्या तोंडानं बोलणार? ती शपथ आधीच खाऊन झाली होती. तिनं बर्फाची पिशवी बाजूला ठेवली, आरशात केसांची रिबीन सारखी केली आणि जागेवर जाऊन उभी राहिली. डोळे चमकत होते नुसते. तिला वाटत होतं, आपलं नशीब उघडलं.

दोनला दहा कमी असताना ओइकावा तिसऱ्यांदा पुढे आला. पावणेचारची गाडी गाठायची तर आता निघायलाच हवं होतं. त्यानं हात धरला. या वेळी पाठ केलेलं वाक्य त्याला आठवलं नाही. नुसताच बघत राहिला पोरीकडे. चार झाले. मी हात खिशात घातला. पाच, सहा, दहा.

"ओ काय चाललंय?" मागून शिराहामा. "वशिला आहे का त्याचा?"

"इकुमी," बाप म्हणाला, "चल ना गं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टपोरं, एका गालावर एक थेंब. आणि ते तसंच गालावर ठेवून ती घड्याळाकडे जरा तिरकी उभी राहिली, चेहरा नीट दिसावा म्हणून. मी बघत होतो आणि मला माझीच शिसारी येत होती. हे असं उभं राहायला तिला कुणी शिकवलं? आम्हीच की. खरं तिच्यापर्यंत जायची वाटच आम्ही बुजवून टाकली होती. मग उरली एकच वाट.

मी वाकलो आणि तिच्या कानात म्हणालो, "ओळखलंस तू. हुशार आहेस. आता पुढचं ऐक. मोठा भाग आहे. बाबांबरोबर निघायचं, आत्ता, याच कपड्यांत. गाडीत बसायचं, थेट गावापर्यंत. मध्ये थांबलीस तर सगळं फुकट."

"गावापर्यंत?" तिचा श्वास अडकला. "म्हणजे खास कार्यक्रम?"

"खास."

"आणि आई? आई पण आहे त्यात?"

"आहे."

ती इतकी गोड हसली की मला खाली बघावं लागलं. "आईला नाही हो जमायचं. तिला मध्येच हसू येतं."

ओइकावानं सगळं ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या हातात माझ्या फोन नंबरची चिठ्ठी कोंबली. "घेऊन जा आधी. गाडीत हळूहळू सांगा. आणि आईला बघितल्यावर कळेलच तिला, डोळे आहेत." त्यानं पिशवी खांद्याला अडकवली. पोरीचा हात धरला आणि निघाला. गुलाबी झालरींचा झगा, डोक्यावर रिबीन, आणि शेजारी काळा सूट. दाराशी जाऊन तिनं वळून घड्याळाला हात हलवला.

रांग खवळली. शिराहामा मला येऊन भिडला. "माझी पन्नास तिकिटं राहिलीत!"

"तिची आई मरतेय हो."

"बरं," तो म्हणाला. "मग माझ्या तिकिटांचं काय?" टोमणा नव्हता मारत. खरोखर विचारत होता. डोळ्यांत पाणीही होतं त्याच्या, स्वतःसाठी. मी त्याला खांद्याला धरून वाटेला लावलं, आणि या वेळी अलगद नाही.

कुनिएदा हातातल्या कॉफीसकट धावत आला. मी सगळं सांगून टाकलं, लपवायचं काय होतं? तो पांढराफटक पडला. "तिला वाटतंय की शूटिंग चाललंय?"

"हो."

"खरोखर वाटतंय?"

"हो म्हटलं ना."

मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. ते मी कधी विसरणार नाही. "अहो मग निवा-सान," तो म्हणाला, "कॅमेरा घेऊन कुणाला तरी पाठवायचं होतंत की बरोबर! आत्ता कुणी निघालं तर पुढच्या गाडीनं पोचेल का?"

मी बिल्ला काढला, त्याच्या कॉफीत टाकला आणि घरी गेलो. मोठी मर्दुमकी केली असं वाटलं मला. सांगतो ना खरं, येताना बिअर घेतली, पाय लांब करून बसलो, आणि मनात म्हणत होतो की आयुष्यात एक तरी बरं काम झालं आपल्या हातून. शांत झोपलोसुद्धा.

सकाळी सातला फोन वाजला. ओइकावा.

"निवा-सान, काल फार उपकार केलेत. वेळेवर पोचलो आम्ही." आवाज अगदी नम्र, शांत. "बायको पहाटे गेली."

मी रीतीप्रमाणे बोलायचं ते बोललो. मग विचारलं, "इकुमी?"

"भेटली ना आईला. शुद्धीवर होती तेव्हाच भेटली. खोलीत शिरताना ते दोन बोटं गालाला लावून करतात ना, तसं केलं तिनं. आणि म्हणाली, सगळ्यांना नमस्कार, मी रिरिया! आई बघत राहिली. मग म्हणाली, छान दिसतेस. मग इकुमी रडली. फार सुंदर रडली हो. नर्ससुद्धा रडल्या."

"तुम्ही सांगितलं नाहीत का तिला? गाडीत?"

"सांगितलं. अख्ख्या वाटेत सांगितलं. ती जेवणाचा डबा खिडकीसमोर धरून, किती छान लागतंय, असं म्हणत होती. माझं ऐकायची आणि म्हणायची, बाबा, आता जरा बरं जमतंय तुम्हाला. इथे माझ्या बहिणीनं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं. ती डॉक्टरांना वाकून म्हणाली, तुमचं काम फार छान झालं."

मी पलंगावर बसलो. पलीकडे कुठेतरी बायका दबक्या आवाजात बोलत होत्या.

"आता?" मी विचारलं.

"आता आईपाशी बसलीय. आईच्या तोंडावर पांढरं फडकं घालू देत नाही कुणाला. ओढून काढते. म्हणते, नका घालू, आधीच आई इतका वेळ श्वास रोखून पडलीय." त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. खोकला, सावरला, माफी मागितली. "निवा-सान, तुम्हाला त्रास देतोय. पण इकडे याल का? माझं ऐकत नाही ती, कुणाचंच ऐकत नाही. म्हणते, ती पाटी घेऊन तुम्ही आल्याशिवाय आईला उठता येत नाही."